आगेऱ्याच्या आदल्या संध्याकाळचं धनुष्य

शनिवार, १ ऑक्टोबर १९५५

हर्बर्टनं गिल्बर्टच्या डोक्यात कोयता घातला. माझ्या पोलक्यावर त्याचं रक्त आहे. धुवायला टाकावंसं वाटत नाही.

उद्या आगेरा, सुगीचा सण. नव्या भाताची कणसं चर्चमध्ये न्यायची म्हणून संध्याकाळी तो शेतावर गेला होता. नुकता पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं आणि असं सुंदर इंद्रधनुष्य आलं होतं की सारं एक्सर गाव घराबाहेर आलं. मीही मागीलदारी उभी राहून बघत होते. तेवढ्यात बाबा आले, गिल्बर्टला खांद्यावर घालून. त्यांच्या तोंडी एकच – हर्बर्ट, हर्बर्ट.

माझा एकुलता एक धाकटा भाऊ. इस्पितळात बेशुद्ध पडलाय. डॉक्टर काही बोलत नाहीत.

रविवार, २ ऑक्टोबर

हर्बर्टला पोरांनी घरातून ओढून काढला. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, बांधावरून दोन वर्षं भांडण चाललंय. गेल्याच महिन्यात सगळ्यांसमोर तो गिल्बर्टला बोलला होता – बांधाला हात लावशील तर तोडीन. पोरांनी त्याला विहिरीपाशी लाथांनी तुडवला. दोन दात पडले. "मी तापात पडलोय रे, आईला विचारा," म्हणत होता. मी तिथेच उभी होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

पोलिसांनी त्याला पकडून नेला नसता तर मेलाच असता. फौजदारांना बाबांनी जबाब दिला. "मी ओट्यावर बसलो होतो. शेत समोरच आहे. हर्बर्टनी कोयता उचलला. गिल्बर्टच्या डोक्यावर बरोबर धनुष्याची कमान होती, उजेड होता, मला साफ दिसला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धनुष्य तर सगळ्यांनीच पाहिलं होतं.

सोमवार, ३ ऑक्टोबर

हर्बर्टची आई कॉन्सेप्टा विहिरीवर भेटली. "मॉनिका, माझा पोर तसा नाही गं," म्हणून माझा हात धरायला आली. मी तिच्या थोबाडीत दिली. तिची घागर लाथेनं उडवली. म्हातारी खाली बसली आणि मी पाणी भरून घरी आले.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

गिल्बर्ट तसाच.

बुधवार, ५ ऑक्टोबर

आज शाळेत गेले. घरी बसून भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा बरं. सातवीच्या पोरी मागे लागल्या – बाई, शनिवारचं धनुष्य कसं झालं ते सांगा.

फळ्यावर पावसाचा एक थेंब काढला. किरण थेंबात शिरतो, शिरताना मोडतो. त्याचे रंग सुटे होतात. मागच्या भिंतीवर आपटून परत फिरतात, बाहेर पडताना पुन्हा मोडतात. खडू माझ्या हातात दोनदा तुटला.

मग त्यांना मैदानात नेलं. तोंडात पाणी घेऊन फवारा उडवायला सांगितला. सगळ्या उन्हाकडे तोंड करून उभ्या. "बाई, काहीच दिसत नाही." मी एकीचे खांदे धरून तिला फिरवली. सूर्य पाठीशी पाहिजे, पाणी समोर. सकाळी धनुष्य पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. दुसरीकडे ते पडूच शकत नाही.

बोलता बोलता मला आमचा ओटा आठवला.

आमचा ओटा पश्चिमेकडे तोंड करून आहे. समोर शेत, त्यापुढे खाडी. संध्याकाळी ओट्यावर बसलं की मावळतीचं ऊन डोळ्यांत जातं. धनुष्य होतं घराच्या मागे, कान्हेरीच्या डोंगरावर. गिल्बर्टच्या डोक्यावर कमान दिसायची तर बघणाऱ्याची पाठ खाडीकडे हवी. म्हणजे बाबा ओट्यावर नव्हतेच. शेतात होते, गिल्बर्टच्या समोर.

आणि मी, बी.एस्सी. बाई, चार दिवस मान डोलावत होते.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

सकाळी विचारलं. बाबा चुलीपुढे बसले होते.

"शनिवारी धनुष्य कुठे होतं?"

"डोंगरावर. कुठे असणार?"

"ओट्यावरून डोंगर दिसतो का?"

त्यांनी चुलीतलं लाकूड उचलून माझ्या तोंडावर मारलं. मी पडले तरी मारत राहिले, पाठीवर, हातावर. मीही त्यांच्या मनगटाला कडकडून चावले. तेव्हा कुठे लाकूड सुटलं, आणि आई गेली तेव्हाही न रडलेला हा माणूस जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागला.

गिल्बर्टनं आमचं शेत मुंबईच्या कुठल्याशा शेटला खिळ्यांच्या कारखान्यासाठी विकायचं ठरवलं होतं. त्यावरून दोघांचं भांडण चाललेलं मला माहीत होतं. शनिवारी बाबा बांधावरची झुडपं तोडत होते. गिल्बर्टनं कणसं कापली, जुडी त्यांच्या हातात दिली आणि हसला. "घ्या बाबा, शेवटचा आगेरा. पुढच्या वर्षी फादरला खिळे न्या."

"तो हसला गं," बाबा म्हणाले. "देवाची कणसं हातात ठेवून हसला. माझ्या दुसऱ्या हातात कोयता होता."

मी म्हटलं, हर्बर्ट जन्मठेपेवर जाईल. म्हणाले, जाऊ दे. गिल्बर्ट जगला तर त्याला बाप पाहिजे. आणि तोंड उघडलंस तर तुला पण तोडीन.

तोडतीलही. याच हातांनी त्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून आगेऱ्याला नेलं आहे. मला त्यांचा संताप येतो आणि त्यांची दयाही येते, आणि दोन्हींचा मला वीट आलाय.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

गिल्बर्ट शुद्धीवर आला. बाबा उशाशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होते. फौजदारांनी विचारलं, कोणी मारलं? गिल्बर्ट बाबांकडे पाहत राहिला. बाबांचा चमचा हवेतच थांबला. मग तो म्हणाला, "हर्बर्टनी."

फौजदार उठून निघाले. मी त्यांच्यामागून व्हरांड्यात गेले. म्हटलं, साहेब, माझा जबाब घ्यायचा राहिलाय.