कंदिलाच्या चवीची कोंबडी

३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र म्हणजे एक तक्रार आहे आणि ती माझीच माझ्याविरुद्ध आहे. तुझ्या दुकानातली धुरावरची मासळी आठवून मी रविवारी अंगणात जुन्या पिंपाची भट्टी मांडली आणि अख्खी कोंबडी धुरावर लावली. रंग असा सुरेख आला की दादा दोनदा येऊन बघून गेला. पहिला घास घेतला मात्र, आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. कडूजहर! आई म्हणाली, कोंबडी कसली, कंदील खाल्ल्यासारखं वाटतंय.

एकट्या बाबांनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि छान झालीय म्हणाले. त्या तापातून उठल्यापासून त्यांना वास नाही की चव नाही, हे तुला ठाऊकच आहे. डॉक्टर म्हणतात, परत येईलही, पण कधी ते त्यांनाही सांगता येत नाही. नुसत्या वासावरून भट्टीकडे धावणारा माणूस आता पाव झाला का, हे दादाला विचारतो. तुला कळवलं नव्हतं, पण त्यांनी बेकरी विकायचं ठरवलंय. घेणारा महिनाअखेरीस येणार आहे. घरात या विषयावर कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून हा धुराचा घाट घातला. वाटलं, निदान धूर तरी त्यांच्या नाकापर्यंत पोचेल.

मी बाजारातून काळ्या ठोकळ्यांची पिशवी आणली, वर पेटवायचं तेल ओतलं आणि जाळ धरताच झाकण लावलं. कुठे चुकलं ते कळव. मामीला नमस्कार. हसलास तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी हसलो आणि मामीने वाचून कपाळाला हात लावला. अगं, कुठे चुकलं विचारतेस, बरोबर काय होतं ते विचार!

ते ठोकळे म्हणजे कोळशाचा चुरा, त्यात आणखी काहीबाही घालून दाबलेला. तो ठेव बाजूला. अख्ख्या लाकडाचा कोळसा आण. एकावर एक आपटून बघ. खणखणीत वाजला तर घे, बद्द वाजला किंवा मोडल्यावर आत तपकिरी दिसला तर तो अर्धाकच्चा जळलेला, त्याचा धूर डोळ्यांत पाणी आणतो. ओलसर पिशवी तर फुकट दिली तरी नको.

तेल अजिबात नाही. वरून उघडा पत्र्याचा डबा घे, तळाला आणि खालच्या कडेला भोकं पाड, तळाशी कागदाचे बोळे, वर कोळसा. कागद पेटव आणि तिथून बाजूला हो. वारा आपलं काम करतो. कोळशावर राखाडी साय धरली की तो पिंपात ओत, आणि मगच वर सुक्या फळझाडाच्या लाकडाचा एखादा तुकडा. पांढरा दाट धूर निघेल तोवर कोंबडीला हात लावू नकोस. धूर निळसर, दिसतो न दिसतो असा झाला की ती लाव. पिंपाचे झरोके बंद करू नकोस, धुराला बाहेर जायची वाट हवी. कोंडलेला धूरच कडू होतो.

आता दुसरं. दाजींनी छान म्हटलं, हे वाचून माझं हसू पुसलं गेलं. ताईच्या लग्नापासून आजवर त्यांनी माझ्या मासळीला कधी चांगलं म्हटलेलं नाही. कधी मासा कोरडा, कधी धूर उतावळा, कधी मीच बेसूर. त्याचा मला राग यायचा, आणि आज त्या रागाचीच आठवण येतेय. बेकरीबद्दल मी त्यांना लिहिणार नाही. मेव्हण्याने सांगितलं म्हणजे ते नक्की उलटं करतील. तू मात्र दर रविवारी भट्टी पेटवत राहा.

सोबत थोडी मासळी पाठवतोय. ताईला नमस्कार, आणि तुझ्यावर आहे तो जीव आहे तसाच.

तुझा,
मामा

२३ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

बस, आधी बस, मग वाच.

काल सगळं तू सांगितल्याप्रमाणे केलं. दुकानदारासमोर कोळसे आपटून बघितले, तेव्हा तो म्हणाला, वाजवायचंच असेल तर तबला घ्या. धूर निळसर झाला, मग कोंबडी लावली. बाबा खुर्ची ओढून अंगणात बसले, नुसतेच निखाऱ्यांकडे बघत. मध्येच जाळ मंदावला. मी भाज्या चिरायला आत गेले होते आणि बाबाही नेमके पाय मोकळे करायला उठले होते. दादाला कसला दम निघतोय! त्याने कच्चे कोळसे टाकून उरलेलं तेल त्यावर ओतलं आणि साळसूदपणे उभा राहिला.

जेवायला बसलो. मी काही बोलायच्या आत बाबांनी पहिला घास तोंडात घातला, थांबले, आणि तो हातावर काढून दादाकडे असे बघायला लागले की तो लहानपणीसारखा उठून उभाच राहिला. बाबांनी विचारलं, यात तेल कुणी ओतलं?

मामा, त्यांना तेल कळलं! आईने काय म्हणालात म्हणून विचारलं. त्यांनी खेकसून तेच पुन्हा सांगितलं. मग आई रडायलाच लागली, आणि दादा, ज्याला शिव्या पडत होत्या तो, हसत सुटला. आईने त्यांच्या नाकाखाली एकेक वस्तू धरली. कांदा नाही, साबण नाही. कॉफी किंचित, व्हिनेगर बरंचसं. मग तिने तुझी मासळी आणली. बाबांनी बराच वेळ चावली आणि दुसरा तुकडा घेतला.

आज सकाळी त्यांनी दादाला बेकरी घेणाऱ्याकडे पाठवलं, तूर्त विचार नाही म्हणून सांगायला. दादा अनवाणीच पळाला. डॉक्टर म्हणतात, सावकाश होईल, पण वाट उघडली आहे.

आई तुला आशीर्वाद सांगते. माझ्याकडून काय सांगू, पत्रात मावत नाही.

तुझी,
भिंगरी

६ एप्रिल

श्री. मेव्हणे यांस,
स. न. वि. वि.

पोरीने तुम्हाला पत्रातून काय काय कळवलंय, कल्पना नाही. तिला तिखटमीठ लावायची सवय आहे, म्हणून स्वतः लिहितो.

परवापासून भट्टीवर उभा राहतो. पाव तयार झाल्याचं अजून पुरतं कळत नाही. पहिल्या दिवशी एक घाणा करपला. काल मात्र मुलगा सांगायच्या आत माझा हात भट्टीच्या दाराकडे गेला. त्याने ते पाहिलं, आणि बघितलंच नाही असं दाखवून पीठ मळत राहिला. शहाणा झालाय.

तुमची मासळी सगळी संपवली. मधला भाग ठीक. शेपटीकडे धूर जास्त बसलाय, तिथे मासा पातळ असतो एवढं तरी या वयात तुम्हाला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी पार्सल नको, स्वतः घेऊन या. तोंडावर नावं ठेवण्यात जी मजा आहे ती कागदावर येत नाही. तुमच्या बहिणीने वरची खोली झाडून ठेवली आहे.

लोभ आहेच. तो मी कधी बोलून दाखवला नाही, तेव्हा तुम्हीही फार बोभाटा न करता असू द्यावा.

आपले,
दाजी