कडूबाईची अकरा कार्डे

मी सगुणाबाई, भ्रतार कैलासवासी रखमाजी शेजूळ, धंदा सुईणपण, राहणार मौजे बदनापूर, तालुका जालना, जिल्हा औरंगाबाद, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्या हयातीतच समोर येऊन बोलावे.

कलम पहिले. स्टेशनमागचे दोन खणांचे घर व तीन शेळ्या माझा मुलगा सांडू याच्या. पांढरी शेळी विकू नये. माझे कुंचले तिच्या केसांचे होतात.

कलम दुसरे. नाळ कापायचे पाते व पाणी उकळायचे पातेले सून नंदाबाई हिला. तिचा हात हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून येथे लिहून ठेवते.

कलम तिसरे. कात्री, कुंचले, डिंकाची वाटी व रंगांच्या पुड्या कडूबाईस. ती माझ्या रक्ताची नाही, तेव्हा कारण लिहिणे भाग आहे.

स्टेशनमास्तरांच्या पत्नी उषाबाई यांचे बाळंतपण मी केले. वर्षाने त्या बाळाला आजोबांनी टपालाने रंगीत कार्ड पाठवले; वर पोपट, खाली जन्माची तारीख. आमच्या लेकरांचा जन्म म्हणजे ‘बाजरी काढायच्या टायमाला’. मला ते लागले. उषाबाईंकडून तीन महिन्यांत अक्षरे शिकले, स्टेशनातली रद्दी मागून घेतली आणि माझ्या हातावर जन्मलेल्या लेकरांना वाढदिवसाची कार्डे करू लागले. कोऱ्या बाजूला चित्र, तिथी व लेकराच्या हाताचा ठसा. गाव हसले. पहिले कार्ड गावातल्या गोपिकाबाईच्या लेकीचे, कडूचे, ती वर्षाची झाली तेव्हा.

कडूचा बाप लवकर गेला. शके १८५३ च्या कार्तिकात तिचा चुलता धुळाजी याने टेंभुर्णीच्या चाळिशीतल्या बिजवराशी तिचे लग्न ठरवले. चौदाच्या आतली मुलगी बिजवराला द्यायची नाही, असा जातीचा ठराव होता. मुलगी हाडापेराने थोराड. गोपिकाबाई अडून बसली तेव्हा धुळाजीनेच पंच बसवले.

“पंधरा सरली तिला,” तो म्हणाला. “भाऊ गेला तव्हापासून मीच सांभाळून राह्यलो. मला ठाऊक न्हाई का?”

गोपिकाबाई घरची ट्रंक घेऊन पुढे आली. तिने ट्रंकेतून कार्डे काढली आणि पंचांपुढे ओळीने मांडली. पहिल्यावरचा हात पानाएवढा, शेवटच्यावरचा माझ्या हाताएवढा. म्हाताऱ्या पंचाने बोट ठेवून मोजली. अकरा भरली.

“कागदं काय, काल बसून बी केले असतील या बाईनं,” धुळाजी म्हणाला.

मी उठले. बायांनी पंचांत बोलायची रीत नव्हती. “कार्डं उलटी करून बघा,” मी म्हणाले.

मागे रेल्वेची रद्दी, आणि प्रत्येक कागदावर त्या त्या सालचा शिक्का. स्टेशनच्या बाबूला बोलावून एकेक साल वाचून घेतले. अकरा कार्डे, अकरा साले, एकही चुकले नाही.

म्हातारा पंच म्हणाला, “पोरगी अकराचीच हाय. मंग हे लगीन न्हाई होत.”

बिजवर आल्या गाडीने परत गेला. गोपिकाबाई माझ्या गळ्यात पडून रडली. मी मात्र रडले नाही, घरी येऊन गूळभात केला आणि पोटभर खाल्ला. कडूबाई शिकली. एकोणिसाव्या वर्षी, स्वतःच्या पसंतीने, लग्न केले. आज ती मुलींना शिकवते, माझ्यासोबत कार्डे रंगवते आणि तिच्या पोपटाची चोच माझ्यापेक्षा सरस असते.

कलम चौथे. धुळाजीस माझ्याकडून काहीही नाही. त्याच्या नातवाचे कार्ड मात्र दरवर्षी जावे. नातवाचा काय गुन्हा?

कलम पाचवे. मुलगा व मुलगी यांचे कार्ड एकाच मापाचे असावे. मुलग्यासाठी मोठे मागणाऱ्यास कात्री दाखवावी.

पंचांच्या त्या दिवसापासून गावातल्या बाया नाळ कापताच आधी तिथी विचारतात. आता लेकराचे वय विचारले तर कोणी हंगाम सांगत नाही, तारीख सांगतो. हे मी केले. यात कमीपणाने बोलावे असे मला काही दिसत नाही.

मुक्काम बदनापूर, चैत्र शुद्ध दशमी, शके १८६६.

सही : सगुणाबाई शेजूळ, दस्तुरखुद्द

साक्षीदार, दोघेही माझ्याच हातावर जन्मलेले :
भुजंग, वय बावीस वर्षे दोन महिने.
पुंजाराम, वय वीस वर्षे सात महिने चार दिवस.