सरोजाच्या टेबलाची उंची

६ मे
अग्निनक्षत्र लागलं, इथल्या उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस. सकाळी सातलाच घामाची आंघोळ. पाण्याचा टँकर, भाजी, विकतचं इडलीचं पीठ, मग सांबार. सांबार माझ्या हातचं, आणि बायको, सरोजा, नाव न ठेवता खाते आहे. यावरून तिची तब्येत समजावी.
मणक्याचं ऑपरेशन मार्चात झालं. डॉ. म्हणाले होते, उभ्या राहा, कामात राहा, नाहीतर पाठ आत्ता वाकली आहे तशीच राहील. ही भिंतीकडे तोंड करून पडून असते. मुलगी फोनवर ओरडते, मी चुचकारतो. दोन्ही वाया.
आज जेवताना आपणहून म्हणाली, "घरात डार्करूम लावून द्या. हात विसरायच्या आत."
आमचा फोटो स्टुडिओ बंद केल्यावर हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा. बाहेर बडबड माझी, आत छपाई तिची, असा आमचा धंदा चालला. जॉर्ज टाउनच्या व्यापाऱ्यांच्या निम्म्या सुना लग्न जमवायच्या फोटोत तिच्याच हातून उजळून निघाल्या.
भांडी तशीच टाकून कोठीची खोली रिकामी करायला घेतली.

८ मे
कोठीला खिडकी नाही, नळ आहे. उत्तम. फोटो मोठा करायचा एन्लार्जर माळ्यावरून उतरवला, कमरेत चमक. आता घरात दोन पाठी.
सेल्वम सुताराला टेबलासाठी बोलावलं. स. ला भिंतीशी उभं केलं, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरला. सवयीनं तोंडात आलं, हनुवटी वर, खांदे मोकळे, इकडे बघा अम्मा. स. हसली, आणि उभी राहिली छान ताठ. बघत राहिलो. हिशेब केला, चौतीस इंच. सेल्वम आकडा तळहातावर लिहून घेऊन गेला.

१३ मे
टेबल आलं. देखणं. स. नं वर हात फिरवला, कोपरे बघितले.
दाराच्या फटीत जुनं वेष्टीचं धोतर कोंबलं. लाल दिवा लावला. डेव्हलपरचं रसायन गार राहावं म्हणून बर्फाची पिशवी, या उन्हात ती किती टिकणार. चारला स. आत. सरोजा, मी बाहेर आहे, म्हटलं. 
माझे कान तिखट. आई-मुलगी दुकानाच्या पायरीवर कुजबुजल्या की कोणता फोटो घेणार ते आत मला कळायचं. त्याच कानांनी आता ऐकत बसलो. कागद पाण्यात सरकला. ट्रे हलवायला लागली, डावं, उजवं, डावं. मध्येच थांबली. तोंडानं श्वास. परत सुरू.
बाहेर आल्यावर विचारलं, उंची कशी काय? "परवायिल्ल." चालेल. हे ती ऑपरेशनच्या खोलीत जातानाही म्हणाली होती.

१४ मे
आज परत ऐकलं. ट्रे हलवताना तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात. दुकानात कधी घसरल्या नाहीत. म्हणजे हात वर जातात, खांदे उचलावे लागतात. टेबल उंच झालंय.
टेप नीट धरला होता, आकडा बरोबर होता. मग संध्याकाळी ती नळाशी तांब्या भरत होती तेव्हा लांबून बघितलं. तिला सांगितलं नाही. कोपर कितीतरी खाली. त्या दिवशी मी स. ला मोजलंच नाही. फोटोला उभी राहिलेली बाई मोजली.
शिवाय ट्रेची कड वर तीन बोटं. ते धरायचं राहिलंच.

१६ मे
उंच स्टूल आणून बघितलं. बसलं की लांबचा ट्रे पोचत नाही, गेलं परत.
मग युक्ती. टेबल नको कापायला, तिच्या पायाखाली फळी टाकू. टाकली. अर्धा तास बांगड्या गप्प. मी खूश. चहा ठेवला.
आणि धप्प आवाज. दार उघडलंच. फळीवरून उतरताना पाय चुकला होता, नळ धरून उभी होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पडले नाही. तुमी दार उघडलात, उजेडानं पेपर गेला." रागावली, खरोखर रागावली. मार्चपासून पहिल्यांदा.
फळी गच्चीवर टाकून आलो. 

१८ मे
अड्यारला डॉ. कडे. तपासणी झाल्यावर स. ला बाकावर बसवलं, मी एकटा परत आत गेलो. सरळ विचारलं, पाठ सरळ होणार का? म्हणाले, बघू या.
आयुष्यभर लोकांचं बघू ऐकत आलो. बघू म्हणजे नाही, बघू म्हणजे स्वस्त कर, बघू म्हणजे बायकोला विचारतो. हा मात्र खराच बघू होता. त्याला ठाऊक नाही.
ऑटोत स. नं विचारलं, काय म्हणाले. बघू म्हणाले.  मग म्हणाली, "एका टेबलासाठी डॉक्टर गाठलात तुमी."

१९ मे
सेल्वम करवत घेऊन आला. मी टेबलाच्या चारही पायांवर पेन्सिलीनं दोन-दोन रेघा मारल्या. खालची, एक इंच कापायची. स. सरळ झाली तर ती. वरची, अडीच इंच. आज आहे त्या पाठीसाठी.
सेल्वम म्हणतो, सार, वरची कापू, पुढे उंची लागली तर लाकडी गुटके लावू. बरोबर आहे. लाकडाचं काहीच अडत नाही. मलाही कळतं.
त्याला सांगितलं, आज नको, मॅडम झोपल्यात. मॅडम स्वयंपाकघरात छोटे कांदे सोलत होत्या, तिथून सगळं ऐकत. सेल्वमनं एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कॉफी मागितली.
उन्हानं डोकं उठलं. स. आज आत गेली नाही. विचारलं तर म्हणाली, टेबल होऊ दे.

२१ मे
कालही आत गेली नाही. दुपारी परत भिंतीकडे तोंड. मुलीचा फोन घेतला नाही.
आज सकाळी झाडताना टेबलाच्या पायाकडे लक्ष गेलं. चारही पायांवरची खालची, एक इंचाची रेघ पुसलेली. ओल्या बोटानं घासून, लाकूड अजून दमट. चार पाय म्हणजे चार वेळा खाली वाकावं लागलं असणार, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं असताना.
  जेवताना ती म्हणाली, सांबारात मीठ कमी आहे.
पेन्सिल खिशात होती. रेघ परत ओढता आली असती. ओढली नाही.
रात्री सेल्वमचा फोन, उद्या येऊ का. ये म्हटलं. करवत आण म्हणायचं मात्र तोंडात आलं नाही.