बदलीची झोप

मंगळ., ४ फेब्रु.
यार्डात नोटीस. सगळ्या ट्रेलर ड्रायव्हरांची झोपेची तपासणी. झोपेत कोणाचा श्वास अडकतो ते बघणार, कारण तसा माणूस दिवसा स्टेअरिंगवर पेंगतो म्हणे. नापास झाला त्याची गाडी बंद. डॉक्टरीणबाईंनी टेपने मान मोजली, शिंपी कॉलर मोजतो तशी. "गाडी चालवताना डोळा लागतो?" म्हटलं, "छे!"
खोटं. परवा न्हावाशेव्याहून येताना खंडाळ्याचा बोगदा आठवतो, मग एकदम तळेगावचा टोलनाका. मधला कामशेतचा बोगदा लागलाच नाही. तेवढा वेळ गाडी कोणी चालवली? मी तर नाही.

गुरु., ६ फेब्रु.
तपासणीची डबी मिळाली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी, घरी एक रात्र झोपायचं. यार्डात सगळ्यांना युक्ती ठाऊक. बदली ड्रायव्हर असतो तशी बदलीची झोप. एकाने डबी बायकोला बांधून तिला झोपवलं, पास! मीही माझ्या बायकोला, सुनीताला विचारलं तर फणकारली, "मी न्हाई. तुमी घोरता तवा मला झोप लागत न्हाई, आन घोरायचं थांबलं की जास्तच भ्या वाटतं."
शेवटी धाकटा भाऊ मिलिंद तयार झाला. काडीपैलवान, कधी घोरत नाही. शाळेची व्हॅन चालवतो, बेडसे ते कामशेत, चौदा पोरं, त्यांत माझी प्रज्ञा. म्हणाला, "झोपायचंच तर काम, दादा. दे हिकडं."

बुध., १२ फेब्रु.
नापास. तासाला एक्कावन्न वेळा श्वास बंद.
"तुम्ही गाडी चालवताच कशी?" डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. ट्रेलरची किल्ली जमा केली. बसमध्ये बसलो आणि मग लक्षात आलं. ती रात्र माझी नव्हतीच. श्वास मिलिंदचा बंद पडतो. आणि उद्या सकाळी तो पोरं घेऊन निघणार.

शुक्र., १४ फेब्रु.
अजून तोंड उघडलं नाही. सकाळी प्रज्ञा व्हॅनमध्ये चढते, मी पांघरुणात पडून गाडीचा आवाज ऐकतो. वळणाच्या पुढे ऐकू येत नाही. स्वतःची लाज वाटते.

रवि., १६ फेब्रु.
दुपारी मिलिंद ओसरीवर झोपला. घड्याळ घेऊन शेजारी बसलो. छाती हलेना. नाकाशी बोट धरलं, वारा नाही. वीस सेकंद. तीस. चेहरा अगदी शांत, जसा... नको, लिहीत नाही. चाळीसला एकदम श्वास ओढला, डोळे उघडले, माझ्या मागे कुठेतरी बघून "आलो, आलो" म्हणाला आणि पुन्हा झोपला. मागे भिंत होती.
आईला सांगितलं. लसूण सोलता सोलता म्हणाली, "ल्हानपनापासून तसाच हाय त्यो. मधीच जातो, परत येतो. कुनाला बोलू नगं." तिने इतकं सहज सांगितलं, त्याचीच जास्त भीती वाटली.
संध्याकाळी मिलिंदला सगळं सांगून टाकलं. हसला. "रिपोर्टावर नाव तुजं हाय, दादा. माजं कुटं हाय?"
"मग खरं काय ते सांगून येतो."
"जा की. तुजी नोकरी जाईल, माजी व्हॅन बी. मंग घर कोन चालवनार?"


सोम., १७ फेब्रु.
सकाळी पावणेसात. व्हॅनची किल्ली पहाटेच खुंटीवरून काढून घेतली. मिलिंद ओरडून ओरडून दमला, आता अंगणात उभा राहून नुसता बघतोय. फाट्यावर पोरं खोळंबलीत. सुनीता म्हणते, "मंग तुमीच सोडून या की."
म्हणायला सोपं. माझी झोप अजून कोणी तपासलीच नाही.
व्हॅनमध्ये येऊन बसलोय. प्रज्ञा शेजारी, दप्तर मांडीवर. "बाबा, काय लिवताय? चला ना."