सरळ बघणारे ठेवले, बाकीचे काढले

तीर्थरूप काकांना, हात धुऊन, कोरडे करून, मग जोडलेला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? (खोकला आधी विचारायला हवा होता, पण गुडघ्याचे वाक्य लिहून झाले होते.) महिना संपायच्या आत प्रयोगशाळा सोडून आपल्या फोटो स्टुडिओत परत ये, हा तुमचा निरोप मिळाला. तुमच्या परवानगीशिवाय मी इथे राहायचे मनातही आणणार नाही. फक्त शेवटचे सांगण्याआधी एवढे वाचा.

इथे ज्याचा फोटो काढतात तो डोळ्याला दिसतच नाही, असे तुम्ही गिऱ्हाइकांना हसून सांगता. खरे आहे. पण काका, तो असतो. आपल्या अंगातला डीएनए म्हणजे लांबच लांब धागा. गुंता होऊ नये म्हणून तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. आमच्या मॅडम ही रिळे पाण्याच्या थेंबात घेऊन इतक्या झटकन गोठवतात की पाण्याला नीट बर्फ व्हायलाही सवड मिळत नाही. मग माणसाहून उंच सूक्ष्मदर्शक, उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत, आणि पडद्यावर करडे ठिपकेच ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एक रीळ. (पहिल्या दिवशी मी पडदा फडक्याने पुसला. ठिपके गेले नाहीत.)

एकट्या ठिपक्यातून काही कळत नाही, म्हणून संगणक हजारो ठिपके जुळवून एक स्वच्छ आकृती बनवतो. त्याआधी चांगला ठिपका कोणता, हे माणसाने त्याला निवडून दाखवायचे. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या मला मॅडमनी ते काम दिले, कारण मी टेबलावरची पेनेसुद्धा रेघेत लावतो. मी ते तुम्ही शिकवल्याप्रमाणेच केले. चेहरा सरळ तो ठेवायचा, मान वळली की बाद. गोल, समोर बघणारे तेवढे घेतले. कुशीवर वळलेले, कलंडलेले सगळे काढून टाकले. संगणकाने माझे तंतोतंत ऐकले आणि पुढचे हजारो तसेच निवडले. इतका आज्ञाधारक मला जन्मात कोणी भेटला नव्हता.

आकृती आली ती ताणलेल्या रबरासारखी. मॅडम म्हणाल्या, "आडवे कुठे गेले रे सगळे?"

"काढले, मॅडम. समोर बघत नव्हते."

"अरे, ते काय पासपोर्टच्या फोटोला बसलेत?"

मला वाटले, आता सामान बांधावे. पण त्या पोटभर हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि कानात घालायच्या हेडफोनची वायर बाटलीच्या झाकणाला गुंडाळून दाखवली. धाग्याचे रिळाला जवळजवळ दोन वेढे असतात. समोरून ते एकामागे एक लपतात आणि एकच दिसतो. दुसरा बघायचा तर कुशीवर वळलेलाच हवा, म्हणजे मी हाकलून दिलेला! मी बसलो आणि एकेकाची मनात माफी मागत सगळ्यांना परत घेतले.

मग आकृती आली. काका, दोन वेढे चक्क वेगळे दिसले! आणि प्रत्येक वेढ्यात दोन पदर, एकमेकांना पीळ घालून बसलेले. माझ्यात हेच, तुमच्यात हेच, तुमच्या गुडघ्यातही हेच. मी आपोआप उभा राहिलो. बघतो तर मॅडमही उभ्या होत्या, आणि त्यांनी तर हे किती वेळा पाहिले असेल.

काकूंना नमस्कार सांगा.

तुमचा,
सध्या फार जपून निवडणारा पुतण्या

ता. क. मॅडमनी काल विचारले, कायमचा राहशील का? काकांना विचारून सांगतो, असे उत्तर मी मनात तयार ठेवले होते.

आणखी ता. क. तयार होते, पण तोंडातून "हो" गेले. तेव्हा परवानगीचे पत्र लवकर पाठवा आणि त्यावर गेल्या परवाची तारीख घाला, म्हणजे मी तुम्हाला विचारल्याशिवाय काही केले असे होणार नाही.