बाबा पाणी मागत होते

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्या वृद्ध-सेवा केंद्रातली ती दुपार आठवली की अजून माझं डोकं तापतं. इकडच्या हिंदी मुलखात, कारखान्यात तुम्ही जन्मभर हिंदीच बोललात. स्मृतिभ्रंशानं आधी तीच नेली. उरली फक्त तुमच्या लहानपणीची वर्ध्याकडची मराठी. दीक्षितपुऱ्यातल्या घरात ते निभलं, कारण मी होते. मग तुम्ही दोनदा नदीवरच्या ग्वारीघाटापर्यंत चालत गेलात, दोन्ही वेळा नाववाल्यांनी घरी आणून सोडलं. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "उमर का असर है, कहीं रखवा दीजिए." मी ठेवलं.

त्या दुपारी मी न कळवता आले. तुमची मनगटं पलंगाच्या दांडीला बांधलेली, ओठ फुटलेले, आणि तुम्ही एकच म्हणून राहिले होते, "तहान लागली वं माय." आया दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी विचारलं, "इनको बाँधा क्यों?"

"दिनभर बड़बड़ करते हैं, दीदी. पीठ के घाव की पट्टी नोच लेते हैं."

"पानी माँग रहे हैं."

ती हळूच म्हणाली, "हमको तो किसी ने बताया नहीं." खरंच होतं तिचं. आदल्या आठवड्यापर्यंत ती तिथे फरशी पुसत होती. कुणी तिला काही शिकवलं नव्हतं, आणि भिंतीवर मात्र 'प्रशिक्षित सेवा'ची पाटी होती. मी गाठी सोडून पाणी दिलं, तुम्ही भांडं रिकामं करेपर्यंत प्यायलात. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला घरी आणलं.

आता मी अशाच आयांना शिकवते. गेल्या महिन्यात इथल्या एका हॉटेलात बैठक होती, आशियातल्या देशोदेशींचे लोक आले होते, विषय सेवेचा दर्जा. दिवसभर रजिस्टर, कॅमेरे, तपासणी. मी उठून विचारलं, माणूस कोणत्या भाषेत पाणी मागतो हे कुठे लिहिलंय? एका पाहुण्या बाईंचे डोळे भरले. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. शेवटी नियमांच्या मसुद्यात एक ओळ आली, घरची भाषा विचारून घ्यावी. एवढ्या शहाण्या माणसांना एवढं सुचायला इतकी वर्षं लागावीत?

हे मी तिथे ताठ मानेनं बोलले, टाळ्याही घेतल्या. एक गोष्ट तिथे सांगितली नाही, आणि हा कागदही कुणाला दाखवणार नाही. तुमच्या मनगटावरचे वळ मी त्या दुपारच्या आठवडाभर आधीच पाहिले होते. विचारलं नाही, कारण विचारलं तर केंद्रवाले तुम्हाला परत घरी पाठवतील याची मला भीती वाटली होती.