डेन्मार्क शून्य, मुलुंड एक

२१ नोव्हेंबर १९५५, सोमवार
वाचनालयात एका विलायती मासिकात फोटो पाहिला. डेन्मार्कची बालवाडी. चिमुकल्या खुर्च्या, मुलं आणि मधोमध जमिनीवर बसलेला एक दाढीवाला पुरुष! एका फोटोत एक, तर सबंध देशात किती असतील? आणि आमच्या मुलुंडात? एकही नाही. ही राष्ट्रीय लाज आहे. बालमंदिरातली जानकीची जागा दसऱ्यापासून रिकामी आहे. ती मी भरणार. जानकी माझी बायको होती, याचा इथे संबंध नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

२३ नोव्हेंबर
बालमंदिराच्या सुगंधाबाईंपुढे तासभर बोललो. त्या म्हणाल्या, भाऊ, पटलं, पण आता बसा. नवीन बाई मिळेपर्यंत या म्हणाल्या. अट एकच: जानकीबाई गावाला गेल्यात असं मुलांना सांगितलंय, तेच सांगायचं. मी! आयुष्यभर सत्यासाठी व्यासपीठं गाजवली. पहिल्याच दिवशी मुलांना खरं काय ते सांगणार.

२४ नोव्हेंबर
'बालमित्रहो' म्हणताच पुढची रांग रडू लागली. तिचं बघून मागची. आवाज मैदानाचा, खोली एवढीशी. सत्य उद्या.

२८ नोव्हेंबर
मला गुरुजी म्हणा, असं बजावलं. चार वर्षांची प्रेमा म्हणाली, बरं, बाई. मग विचारलं, आमच्या बाई कधी येणार? नाताळनंतर, म्हणालो. हे डावपेच आहेत. श्रोते तयार नसताना बोलू नये.

१ डिसेंबर
दोन देशांची तुलना करणारं व्याख्यान देणार आहे. आकडे हवेत म्हणून वाचनालयातल्या नंदकिशोरला गाठलं. त्याने फोटोखालची ओळ वाचली. म्हणाला, अहो भाऊ, हा मास्तर कसला, सुतार आहे! खुर्च्या दुरुस्त करायला आलाय. म्हणजे डेन्मार्क शून्य, मुलुंड एक. आपण पुढे! जिंकलात ना, मग आता घरी आराम करा, असं तो म्हणाला. घरी काय आहे?

५ डिसेंबर
डबा खाताना जानकी प्रत्येकाकडून एक घास घ्यायची म्हणे. मुलं तिचा घास अजून खिडकीत काढून ठेवतात, गावाहून येईल म्हणून. मी पाठ वळवली की कावळा नेतो. दहाव्याला याच जातीने आम्हाला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलं होतं. व्याख्यानाचं एक पानही झालेलं नाही. वेळ मिळत नाही.

८ डिसेंबर
नवीन बाई मिळाल्या. क्षमाबाई. सोमवारपासून येतील. सुगंधाबाईंना म्हणालो, मीही राहतो, बिनपगारी. त्या म्हणाल्या, भाऊ, मुलं तुम्हाला बिचकतात हो. ही पुरुषांबद्दलची अढी! उद्या निरोपाच्या भाषणात सत्यही सांगेन आणि अढीही मोडेन.

९ डिसेंबर
भाषण झालं नाही. मुलं घरी गेली. प्रेमाची आई यायची होती. प्रेमा खिडकीतला घास नीट करत होती. म्हटलं, नको ठेवूस. बाई यायच्या नाहीत. तिने विचारलं, नाताळनंतर पण? म्हटलं, कधीच नाही. ती रडली नाही. जरा विचार करून म्हणाली, मग तुम्ही इथे कशाला येता?
डेन्मार्कचं सांगायला तोंड उघडलं.
फ्रॉकला पिनने लावलेला रुमाल मला द्यायला तिला काढता येईना. म्हणून ती तशीच, रुमालासकट, जवळ येऊन उभी राहिली.